नटाच्या कारकिर्दीची नोंद कशी करावी : सोलापुरातील रंगकर्मींचे चरित्र लिहिणाऱ्यांसाठी

नाटकाचा प्रयोग संपला, पडदा पडला, की नटाने त्या रात्री जे काही केले ते तेथेच संपते. चित्रपटातील काम निदान पडद्यावर पुन्हा पाहता येते, पण रंगभूमीवरच्या कामाचा पुरावा म्हणून हाती उरतात ती हस्तपत्रके, स्पर्धांची प्रमाणपत्रे, सहकलाकारांच्या आठवणी आणि घरातल्या एखाद्या पत्र्याच्या पेटीतील पिवळी पडलेली छायाचित्रे. ज्यांचे नाव राज्यभर गाजले त्यांच्याविषयी कोणी ना कोणी लिहिते. मात्र दिवसा गिरणीत, शाळेत किंवा बँकेत नोकरी करून रात्री तालमीला उभे राहणाऱ्या, वीस-पंचवीस वर्षे राज्य नाट्य स्पर्धा गाजवणाऱ्या आणि मधूनच एखाद्या मराठी चित्रपटात पाटलाची, मास्तरांची किंवा आत्याबाईंची भूमिका करून येणाऱ्या सोलापूरच्या कलावंतांची नोंद कोणाकडेच नसते. आमच्या गल्लीतील अशाच एका ज्येष्ठ नटाची कारकीर्द मी गेली सहा वर्षे जुळवीत आहे. या कामात ज्या रीती उपयोगी पडल्या त्या पुढे सविस्तर मांडल्या आहेत. येथे त्या नटांचा उल्लेख मी ‘काका’ असाच करीन, कारण आम्ही त्यांना तसेच म्हणतो.

आधी प्रयोगसूची, मग चरित्र

चरित्र लिहायला बसणारी बहुतेक मंडळी जन्म, शिक्षण, पहिले नाटक, पुरस्कार, सत्कार अशा क्रमाने सुरुवात करतात आणि दहाव्या पानावर येऊन अडकतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की नटाच्या चरित्राचा कणा त्याची प्रयोगसूची हाच असतो. त्याने कोणत्या तारखेला, कोठे, कोणत्या नाटकात, कोणती भूमिका केली याची यादी जोवर उभी राहत नाही, तोवर एकही परिच्छेद लिहू नये. यादी तयार झाली म्हणजे माणसाचे आयुष्य त्यातून आपोआप दिसू लागते. कोणत्या वर्षी प्रयोग एकदम थांबले, कोणत्या वर्षी संस्था बदलली, कोणत्या वयात नायकाच्या भूमिका संपून वडिलांच्या सुरू झाल्या, हे कोणी सांगायची गरज उरत नाही.

यासाठी एक जाड, आडव्या पानांची वही घ्यावी किंवा संगणकावर तक्ता करावा. त्यात तारीख, नाटकाचे नाव, लेखक, दिग्दर्शक, सादर करणारी संस्था, भूमिका, नाट्यगृह व गाव, कितवा प्रयोग, सहकलाकार, आणि ही माहिती कोठून मिळाली, असे रकाने असावेत. शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवू नये. ‘हस्तपत्रक’, ‘काकांनी सांगितले’, ‘वृत्तपत्रातील जाहिरात’ एवढे दोन शब्द पुरतात, परंतु चार वर्षांनी दोन तारखा आपसांत भांडू लागतात तेव्हा निवाडा करण्यास तेच दोन शब्द कामी येतात.

संस्थेचा रकाना क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचे उदाहरण घ्या. पंढरपुरात जन्मलेले आणि शालेय वयात सोलापुरात वाढलेले जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. वादामुळे ते बंद पडले आणि त्यातील कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढून ते पुन्हा उभे केले. नाटक तेच, दिग्दर्शक तेच, पण संस्था वेगळी. त्या नाटकातील कोणत्याही नटाचे चरित्र लिहिणाऱ्याने हा फरक नोंदवला नाही, तर १९७२ आणि १९७३ यांच्यामधली सारी घडामोडच निसटून जाते. सोलापुरातील हौशी संस्थांतही अशी फाटाफूट अनेकदा झालेली आढळते आणि ती बहुधा कोणी बोलून दाखवत नाही. ती प्रयोगसूचीतच सापडते.

भूमिकेच्या रकान्यात आणखी एक भेद पाळावा. नटाने ती भूमिका प्रथम उभी केली, की दुसऱ्याच्या जागी बदली कलाकार म्हणून केली? आपल्या सोलापूरच्या फय्याज यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील झरीना साकारली. २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगमंचावर आलेल्या त्या नाटकावर २०१५ मध्ये चित्रपट निघाला, तेव्हा झरीनाच्या भूमिकेत अमृता खानविलकर होत्या. ज्या कलावंताने पहिल्यांदा त्या पात्राला चाल दिली, आवाज दिला, त्याचे काम आणि नंतर ते पात्र हाती घेणाऱ्याचे काम यांची तुलना करण्याचे कारण नाही, पण दोन्ही एकाच शब्दात नोंदवणे हा दोघांवरही अन्याय आहे. बदली कलाकाराचे काम हलके समजू नये. दोन दिवसांच्या तालमीवर तीन अंक पेलणे फार अवघड असते, आणि काकांनी अशा अकरा भूमिका केल्या हे मला चौथ्या वर्षी समजले, कारण तोवर मी तसे विचारलेच नव्हते.

साल कसे शोधावे

जुन्या हस्तपत्रकांवर सर्व काही असते, फक्त साल नसते. छापणाऱ्याच्या दृष्टीने त्याची गरजच नव्हती, कारण प्रयोग येत्या रविवारी होता. माझ्या हाती आलेल्या पहिल्याच पत्रकावर ‘रविवार दि. १४ नोव्हेंबर, रात्रौ ९॥ वाजता’ एवढेच होते. अशा वेळी वार आणि तारीख यांची सांगड घालावी. १४ नोव्हेंबर हा दिवस रविवारी १९६५, १९७१, १९७६ आणि १९८२ या वर्षी आला. म्हणजे प्रश्न चार पर्यायांवर आला. मग पत्रकावरील तिकिटांचे दर, छापखान्याचा पत्ता, दूरध्वनी क्रमांकाचे आकडे आणि सहकलाकारांची नावे पाहावीत. त्या पत्रकात नायिकेच्या नावाआधी ‘कु.’ होते आणि तिचे लग्न १९७४ मध्ये झाल्याचे घरच्यांनी सांगितले. १९६५ साली ती शाळेत होती. उरले १९७१. एका अक्षराने आणि एका वाराने साल मिळाले.

निमंत्रणपत्रिकेवर शके दिलेले असेल, तर त्यात ७८ मिळवावेत. मात्र शकवर्ष गुढीपाडव्याला बदलते, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या कार्यक्रमांसाठी ७९ मिळवावेत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेतील प्रयोग जानेवारीतले असल्याने सोलापुरात ही चूक हटकून होते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर स्पर्धा कितवी हे छापलेले असते. ही स्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली असली, तरी क्रमांकावरून साल मनानेच काढू नये, प्रमाणपत्रावरील तारीख उतरवून घ्यावी आणि प्राथमिक फेरी की अंतिम फेरी हेही लिहावे. अभिनयाचे रौप्यपदक मिळाले असेल, तर ते पदकच मागून पाहावे. त्याच्या मागच्या बाजूला बहुधा नाव आणि वर्ष कोरलेले असते.

पुरस्कारांची वर्षे सर्वांत फसवी. ज्या वर्षातील कामासाठी पुरस्कार असतो ते वर्ष, तो जाहीर झाल्याचे वर्ष आणि चित्रपट प्रदर्शित झाल्याचे वर्ष अशी तीन वर्षे एकाच ओळीत गुंतलेली असतात. अकलूजच्या रिंकू राजगुरू यांना ‘सैराट’साठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला तो ६३ व्या, म्हणजे २०१५ सालच्या पुरस्कारांत. तो मार्च २०१६ मध्ये जाहीर झाला आणि चित्रपट चित्रपटगृहांत लागला २९ एप्रिल २०१६ रोजी. पुरस्कार आधी, प्रदर्शन नंतर. अभिनेते अतुल कुलकर्णी यांच्या बाबतीतही वर्षांचा असाच गुंता होतो. त्यांचा जन्म बेळगावचा, पण शालेय शिक्षण सोलापुरातले आणि रंगभूमीवरचे सुरुवातीचे कामही येथील नाट्य आराधना या संस्थेतले. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून ते १९९५ मध्ये बाहेर पडले. ‘हे राम’मधील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो १९९९ सालच्या पुरस्कारांत धरला जातो, तर चित्रपट फेब्रुवारी २००० मध्ये प्रदर्शित झाला. ‘चांदनी बार’साठीचा दुसरा पुरस्कार २००१ सालचा. म्हणून ‘१९९९ सालच्या पुरस्कारांत’ आणि ‘१९९९ मध्ये मिळालेला’ या दोन वाक्यांत अदलाबदल करू नये. या बाबतीत मी स्वतः चूक केली आहे. एका गौरवपत्रिकेतील साल न तपासता मी एका स्मरणिकेसाठी दिलेल्या लेखात उतरवले आणि पुढे तेच साल दोन ठिकाणी छापले गेले. काका काही बोलले नाहीत, परंतु त्यांच्या पेटीतील मूळ पत्र पुढच्या भेटीत त्यांनी माझ्यासमोर उघडून ठेवले होते.

बोलते कसे करावे

वृद्ध कलावंताला ‘हे नाटक कोणत्या वर्षी केले?’ असे विचारू नये. साल आठवत नाही म्हणून तो खजील होतो आणि पुढचे बोलणे आखडते. त्याऐवजी त्या रात्रीचे विचारावे. सोबत कोण होते, परत कसे आलात, जेवण कोठे केले, त्या दिवसांत गावात काय चालले होते? एका नाटकाविषयी काका म्हणाले, “साल काय की, पण त्या वर्षी पाण्याचे लई हाल होते बघा. प्रेक्षकांत निम्मी माणसं खडी फोडून आलेली असायची, अन् घरात मिलो ज्वारीच्या भाकरी.” हा १९७२ चा दुष्काळ, हे सांगायला पुस्तक लागत नाही. दुसऱ्या एका प्रयोगाची खूण त्यांनी अशी दिली, की विसर्जन मिरवणूक आटोपून आल्यावर पहाटे भांडी वाजली. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप. तो प्रयोग त्याच आठवड्यातला असल्याचे नंतर वृत्तपत्रातील जाहिरातीवरून पक्के झाले. अशा खुणांची एक वेगळी यादी करून ठेवावी. सोलापूरकरांच्या आठवणी गिरण्यांच्या भोंग्यांशी, यात्रांशी, पाण्याच्या टंचाईशी बांधलेल्या असतात.

गिरणी कामगार असलेल्या नटाची पाळी कोणती होती, हे अवश्य विचारावे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या तालमी दुसऱ्या पाळीनंतर, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होत. तालमीला कोण येऊ शके आणि कोण नाही, त्यावरून भूमिका ठरत. ‘याला नायक का दिला?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘त्याची पहिली पाळी होती’ एवढेच निघते.

भेट सकाळी घ्यावी, दीड तासाहून अधिक बसू नये आणि घरात नातेवाइकांची गर्दी असेल तर पुन्हा यावे, कारण मुलासुनांसमोर माणूस दौऱ्यावरच्या गोष्टी मोकळेपणाने सांगत नाही. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि सुरुवातीला तारीख, ठिकाण व बोलणाऱ्याचे नाव स्वतःच्या आवाजात नोंदवावे. पंखा बंद करता आला तर फार बरे, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात ऐंशी वर्षांच्या माणसाला पंख्याविना बसवू नये. मे महिना टाळावा हेच उत्तम.

नटाशिवाय इतरांनाही भेटावे, आणि त्यांचा क्रम माझ्या मते असा असावा : रंगभूषाकार, प्रॉम्प्टर, प्रकाशयोजना सांभाळणारा, मग सहकलाकार आणि सर्वांत शेवटी दिग्दर्शक. दिग्दर्शकाच्या मनात नाटकाविषयी एक ठरलेली गोष्ट असते आणि ती तो उत्तम सांगतो. रंगभूषाकाराने मात्र तो चेहरा दर प्रयोगाला हातभर अंतरावरून पाहिलेला असतो. काकांना पहिल्या अंकापूर्वी उलटी होत असे आणि ती जवळजवळ तीस वर्षे होत राहिली, ही गोष्ट मला रंगभूषा करणाऱ्या मावशींनी सांगितली. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातील मेकअपच्या खोलीत त्यांच्यासाठी एक बादली वेगळी ठेवलेली असे, तिसऱ्या घंटेपूर्वी ते तोंड धुऊन येत आणि विंगेत उभे राहत. त्यांच्या एकाही सत्काराच्या भाषणात हे आलेले नाही.

अभिनयाचे वर्णन

या कामाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. ‘सहजसुंदर अभिनय’, ‘भूमिकेचे सोने केले’, ‘प्रेक्षकांना खिळवून ठेवले’ या शब्दांनी पाने भरतात, पण नट दिसत नाही. पन्नास वर्षांनंतर वाचणाऱ्या एखाद्या तरुण नटाला त्यातून काहीही मिळणार नाही. त्यामुळे प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेसाठी नटाने प्रत्यक्ष काय केले तेच लिहावे. तो कोठून आला, कसा बसला, कोणत्या वाक्यापूर्वी थांबला, आवाज कोठे खाली आणला, हाताशी कोणती वस्तू होती?

एक उदाहरण देतो. काकांनी एका नाटकात सेवानिवृत्त तलाठ्याची भूमिका केली. पहिल्या दोन अंकांत हा तलाठी बाहेरून घरात येताना उंबऱ्यापाशी चपला काढतो आणि पायानेच फिरवून त्यांची तोंडे दाराबाहेर करून ठेवतो, म्हणजे कोणी हाक मारली तर तसेच पाय घालून निघता यावे. तिसऱ्या अंकात मुलाने घर विकल्याचे कळल्यावर तो येतो, चपला काढतो आणि त्या तशाच आतल्या दिशेने राहू देतो. संहितेत याविषयी एक शब्दही नव्हता. हे त्यांनी मला सांगितले नाही. नाटकाचा विषय निघाल्यावर ते खुर्चीवरून उठले, दारापर्यंत गेले आणि घरातल्या रबरी चपला पायात घालून त्यांनी ते दोनदा करून दाखवले. मी त्या दिवशी मोबाइलवर त्यांच्या पायांचे चित्रण केले. माझ्या संग्रहातील सर्वांत महत्त्वाची नोंद कोणती असे कोणी विचारले, तर मी त्या बेचाळीस सेकंदांकडे बोट दाखवीन.

त्यामुळे नटाला शक्य असेल तर उभे राहायला सांगावे. बसून माणूस आठवण सांगतो. उभा राहिला की त्याच्या शरीराला भूमिका आठवते. मूळ संहितेची प्रत मिळाली तर ती त्याच्या हाती द्यावी. तालमीच्या प्रतीत पेन्सिलीने केलेल्या खुणा, कापलेली वाक्ये, श्वास घेण्याच्या जागा असतात. त्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, खोडरबरला मात्र हात लावू नये.

सोलापुरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. येथे घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात दख्खनी उर्दू आणि रंगमंचावर मराठी, असे एकाच माणसाच्या तोंडी असते. नटाची घरची भाषा कोणती होती आणि मराठी संवादांसाठी त्याने उच्चारांवर काय मेहनत घेतली, हे विचारावे. अनेकांनी तेलुगू किंवा कन्नड नाटकांतही कामे केलेली असतात. त्यांची पत्रके वेगळ्या लिपीत असल्याने मराठी चरित्रकार ती बाजूला ठेवतो आणि निम्मी कारकीर्द गळते. ती लिपी वाचणारा शेजारी सोलापुरात दोन घरे सोडून सापडतो, त्याला सोबत घ्यावे.

चित्रपटांची यादी

चित्रपटांची नोंद करताना चित्रपट स्वतः पाहावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये. आपला नट कितव्या मिनिटाला दिसतो, किती प्रसंगांत आहे, पात्राचे नाव काय आणि आवाज त्याचाच आहे की दुसऱ्याने दिला आहे, हे टिपून घ्यावे. छोट्या भूमिका करणाऱ्या बाहेरगावच्या नटाला डबिंगसाठी पुन्हा बोलावणे निर्मात्याला परवडत नसे, म्हणून आवाज बदललेला असू शकतो. श्रेयनामावलीत नाव आहे का, असल्यास कसे लिहिले आहे, हेही पाहावे. आरंभी दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरील तारीख ही प्रमाणपत्राची असते, प्रदर्शनाची नव्हे. सोलापुरात चित्रपट कधी लागला हे शोधायचे असेल, तर स्थानिक दैनिकांतील भागवत, प्रभात अशा चित्रपटगृहांच्या जाहिराती चाळाव्यात. पूर्वी चित्रपटगृहाबाहेर गाण्यांची चोपडी विकत मिळे. तिच्यात कथेचा सारांश आणि कलावंतांची नावे असत आणि पडद्यावर न आलेली नावेही कधीकधी तेथे सापडतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, म्हणजे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत, चित्रपटांबरोबर अशा चोपड्या आणि भित्तिपत्रकेही जतन केलेली आहेत. जाण्यापूर्वी पत्र पाठवून काय पाहायचे आहे ते नेमके कळवावे.

एकच चित्रपट दोन भाषांत बनला असेल, तर तो एक धरावा की दोन? ‘हे राम’ तमिळ व हिंदी अशा दोन्ही भाषांत बनला. मी अशा वेळी एक क्रमांक देऊन दोन्ही भाषा लिहितो, मात्र नटाने दोन्ही भाषांत स्वतः संवाद म्हटले असतील तर तसे वेगळे नमूद करतो. आकडा फुगवून नट मोठा होत नाही.

नावांचा गोंधळ चित्रपटांत अधिक असतो. सोलापुरात जन्मलेल्या शशिकला यांचे माहेरचे आडनाव जवळकर, परंतु पडद्यावर त्या केवळ ‘शशिकला’ म्हणून ओळखल्या गेल्या. ‘आरती’ आणि ‘गुमराह’ या चित्रपटांसाठी लागोपाठ फिल्मफेअर पुरस्कार मिळवणाऱ्या आणि २००७ मध्ये पद्मश्रीने गौरवल्या गेलेल्या या अभिनेत्रीची कागदपत्रे शोधताना आडनावाने शोधले तर फारसे काही हाती लागणार नाही, आणि नुसत्या नावाने शोधले तर त्याच नावाच्या इतर कलावंतांची कामेही मिसळतील. बालकलाकारांच्या नावाआधी ‘मास्टर’ किंवा ‘बेबी’ लागत असे. स्त्रियांची आडनावे लग्नानंतर बदलत. कोणी नोकरीत अडचण येऊ नये म्हणून टोपणनावाने काम करी. म्हणून चरित्राच्या सुरुवातीलाच ‘नावाची रूपे’ असा एक परिच्छेद असावा आणि कोणत्या काळात कोणते नाव वापरले गेले ते त्यात द्यावे.

आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावरील श्रुतिका आणि दूरदर्शनवरील नाटके यांची यादी स्वतंत्र ठेवावी. करारपत्रे जपून ठेवणाऱ्या नटांकडे त्यांच्या तारखा नेमक्या मिळतात.

कागद, छायाचित्रे, ध्वनिफिती

कागदांच्या बाबतीत पहिला नियम असा, की पेटी घरी नेऊ नये. ती ज्याची आहे त्याच्याच घरी बसून काम करावे. काकांची बारा छायाचित्रे एका संस्थेने प्रदर्शनासाठी नेली होती, त्यांपैकी पाच परत आली. ती सात कोणत्या प्रयोगांची होती हेही आता नक्की सांगता येत नाही.

खिडकीजवळ, थेट ऊन नसेल अशा उजेडात कागद सपाट ठेवून मोबाइलने छायाचित्र घेता येते, फ्लॅश वापरू नये. स्कॅनर असेल तर कागदपत्रांसाठी ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) आणि लहान छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय ठेवावे. छायाचित्राची मागची बाजूही घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि शाईने लिहिलेली नावे तेथे असतात. फाटलेल्या पत्रकाला चिकटपट्टी लावू नये आणि काहीही लॅमिनेट करू नये. सुरुवातीला, जपण्याच्या उत्साहात, मी एक हस्तपत्रक लॅमिनेट करून आणले. उष्णतेने त्यावरील जांभळी शाई पसरली आणि नायिकेचे नाव आता वाचता येत नाही. ध्वनिफीत हाती आली तर लगेच वाजवून पाहू नये. बरीच वर्षे उन्हाळ्यात कपाटात तापलेल्या फिती चिकटलेल्या असतात आणि यंत्रात अडकून तुटतात. ज्याला हे काम येते त्याच्याकडूनच ती संगणकावर उतरवून घ्यावी.

संगणकातील फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, दिवस, नाटक आणि ठिकाण लिहावे, म्हणजे सर्व फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. साल अनिश्चित असेल तर तसे चिन्ह करावे. हक्कांचाही विचार करावा लागतो. भारतीय कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क पूर्वी ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे राहत असे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि नाट्यसंहितेवरील हक्कही लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. छायाचित्र नटाच्या पेटीत सापडले म्हणून ते छापण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही, छायाचित्रकाराचा किंवा त्याच्या घरच्यांचा शोध घेऊन लेखी संमती घ्यावी.

वाचून दाखवणे

मसुदा पूर्ण झाल्यावर तो नटाला वाचून दाखवावा. हयात नसेल तर घरच्यांना दाखवावा. व्यसन, कर्ज, मोडलेले लग्न, संस्थेतील भांडणे यांविषयी काय ठेवावे हा प्रश्न येथे उभा राहतो. माझी कसोटी अशी आहे, की त्या गोष्टीने कारकीर्द बदलली असेल तर ती ठेवावी, नसेल तर सोडून द्यावी. काकांनी तीन वर्षे नाटक पूर्ण सोडले होते. गिरणी बंद पडल्यावर घर चालवण्यासाठी ते सुताच्या दुकानात हिशेब लिहीत आणि तालमीला जाण्याइतकी ताकद उरत नसे. हे त्यांनी आधी काढून टाकायला सांगितले. मी त्यांना प्रयोगसूचीतील ते रिकामे पान दाखवले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “राहू दे मग. दुकानाचं नाव नको घालू, बाकी राहू दे.”

वाचनाच्या वेळी हाती पेन्सिल ठेवावी आणि दुरुस्त्या त्यांच्यासमोरच लिहाव्यात. काकांनी तथ्यांच्या चुका थोड्याच काढल्या, परंतु जवळजवळ प्रत्येक नाटकाखाली मी गाळलेली नावे भरायला लावली. पडदा ओढणारा, हार्मोनियमवाला, पाणी देणारा पोऱ्या. काहींची पूर्ण नावे त्यांनाही आठवेनात, तेव्हा ‘बाळीवेशीतला शिवा’ अशी नोंद आम्ही तशीच ठेवली.

अखेरीस चार प्रती कराव्यात : एक घरच्यांना, एक ज्या संस्थेत नटाने अधिक काम केले तिला, एक हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाला, त्यांची संमती असल्यास पोचपावती घेऊन, आणि एक स्वतःजवळ. मूळ कागद मालकाच्या घरीच, पण पत्र्याच्या पेटीतून काढून आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावेत, प्रत्येक पाकिटावर आधी पेन्सिलीने क्रमांक लिहावा आणि मगच कागद आत घालावा, कारण आत कागद असताना वरून लिहिले तर अक्षरांचा वळ छायाचित्रावर उमटतो.